एका मशीनवर दोन सभा

"आवाजाला पक्ष नसतो!" भोंगेवाले छाती ठोकून म्हणाले. "तार नेली तिकडे तो जातो. एका मशीनवर दोन सभा वाजवून दाखवतो, बघत राहा! या कानाची खबर त्या कानाला लागली तर नाव बदलेन!"

"नावानं तुम्हाला हाक मारतंय कोण?" बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. खरंच होतं. गावाला त्यांचं नाव आठवत नव्हतं. माईक, भोंगे, तारा आणि मशीन भाड्यानं देणारा माणूस, म्हणून भोंगेवाले. बस्स!

त्यांचं दुकान अलीकडच्या ओळीत, रस्त्याच्या दोन टोकांच्या ऐन मधोमध. वर माडीवर घर. रस्ता तसा लहानसा, पण मधून करवतीनं कापल्यासारखा. अलीकडची ओळ शिडी पक्षाची, पलीकडची कुलूप पक्षाची. अलीकडचा माणूस पलीकडच्या न्हाव्याकडे जाईना, पलीकडची बाई अलीकडच्या नळावर येईना. कुत्री तेवढी दोन्हीकडे फिरायची, आणि दोन्हीकडे लाथा खायची.

आणि समोर, अगदी समोर, पलीकडच्या ओळीत भोंगेवाल्यांची लेक दिली होती. रस्ता शांत असला की तिच्या बांगड्या इथं ऐकू यायच्या. इतकी जवळ! आणि वर्ष होत आलं, ती इकडे आली नव्हती.

झालं होतं एवढंच. मागच्या निवडणुकीत शिडीवाल्यांनी भोंगेवाल्यांच्या गच्चीवर भोंगा बांधला. त्याचं तोंड नेमकं व्याह्यांच्या खिडकीत! व्याही शिंपी, कुलपाचे झेंडे शिवणारे, कुलपाचे वॉर्डप्रमुख. आठवडाभर त्यांनी स्वतःच्या पक्षाला घातलेल्या शिव्या अंथरुणात पडून ऐकल्या.

"हा धंदा आहे हो, व्याहीबुवा!"

"मग धंदाच करा. सून यायची नाही तिकडे!"

नात झाली तीही पलीकडेच. भोंगेवाल्यांनी तिला पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. भिंतीपल्याड कुणी ओवी गुणगुणावी आणि शब्द कळू नयेत, तसं त्या पोरीचं रडणं रस्ता ओलांडून यायचं. दिवेलागणीला हा माणूस हातातली तार सोडून उंबऱ्यात उभा राहायचा. बायकोला म्हणायचा, "वारा खातोय." वारा कुठला! पान हलत नसायचं.

अशात दोन्ही पक्षांच्या सांगता सभा एकाच संध्याकाळी लागल्या. शिडीची वरच्या टोकाला, कुलपाची खालच्या टोकाला. शिडीवाल्यांना भोंगेवाल्यांनी आधीच शब्द दिला होता. तेवढ्यात व्याही दारात! रस्ता ओलांडून, स्वतःच्या पायांनी!

"आमचा भोंगेवाला ऐन वेळी पळाला," व्याही जमिनीकडे बघत म्हणाले. "सभेला मशीन तुम्ही लावा. सुरळीत झाली की सुनेला आणि नातीला तासभर पाठवतो."

मशीन एकच होतं. पण तासभर नात म्हणजे! भोंगेवाल्यांच्या तोंडून "हो" निघून गेलं, आणि मग ती सुरुवातीची बढाई सुरू झाली.

बेत मात्र चोख होता. मशीन मधोमध दुकानात. दोन्ही टोकांचे माईक तारेनं इथं यायचे. मशीनच्या डाव्या भोकातून वरच्या भोंग्यांना आवाज, उजव्या भोकातून खालच्या. पण भोकं मशीनच्या पाठीमागं, आणि पाठ भिंतीला. भोंगेवाल्यांनी मशीन फिरवलं, पाठ स्वतःकडे घेतली, डाव्या हातातली वरची तार डावीकडे, उजव्या हातातली खालची उजवीकडे खोचली आणि मशीन पुन्हा सरळ केलं. झालं! माणसाची डावी बाजू ती पाठ फिरवलेल्या मशीनची उजवी. चाळीशी उलटलेला, केस तारांत पांढरे केलेला माणूस, पण मन रस्त्यापलीकडे होतं ना!

शिडीचे साहेब वर बोलू लागले, ते खाली ऐकू येऊ लागले. कुलपाचे साहेब खाली कडाडले, ते वर!

कुणाच्या लक्षात आलं? कुणाच्याही नाही! साहेबांना स्वतःचं भाषण ऐकायची सवय नव्हती. ओठ आणि शब्द जुळेनात, तर लोक म्हणाले, "तार लांब आहे, आवाज मागून येतोय."

"रस्ता कुणी खाल्ला?"

"त्यांनी!"

"पाणी कुणी पळवलं?"

"त्यांनी!"

"तुमच्या लेकराबाळांच्या मुळावर कोण उठलंय?"

"ते! ते! ते!"

मधोमध बसलेल्या भोंगेवाल्यांना दोन्हीकडून तेच ऐकू येत होतं. पण शिडीच्या साहेबांचा घोगरा आवाज खालून आणि कुलपाच्या साहेबांचा चिरका वरून, हे कळताच ते ताडकन उठले. "अगं," त्यांनी बायकोला हाक मारली, "उलटं झालंय!"

"टाळ्या पडतायत ना? मग बसा गप्प!"

बसलेही असते. पण समोर पाहिलं तर लेक दारात उभी. काखेत दुपट्याचं गाठोडं. गाठोड्यातून एक मूठ बाहेर आलेली, गुळगुळीत, अजून कुणाविरुद्ध न वळलेली.

आणि मग लक्षात आलं, भाषण संपताना साहेब काय म्हणतात? "शिडीवर शिक्का मारा!" ते आता कुलपाच्या सभेत वाजणार! सभा उधळणार, व्याही उलटणार, दार पुन्हा बंद!

"पापणी लवायच्या आत बदलतो," भोंगेवाले पुटपुटले आणि मशीनच्या मागं हात घालून त्यांनी दोन्ही तारा उपटल्या. मशीन असं किंचाळलं, की झाडांवरचे कावळे उठले. मग फट्! धूर. वर शांतता. खाली शांतता.

"त्यांनी तार कापली!" वरची सभा ओरडली.

"त्यांनी तार कापली!" खालची सभा ओरडली.

आता भोंगा नव्हता, तरी दोन्हीकडून एकच वाक्य लखलखीत ऐकू आलं. दोन्ही टोकांनी माणसं धावत सुटली, ती भेटली मधोमध.

लेकीनं तेवढ्यात एक पाऊल रस्त्यावर टाकलं होतं. व्याही धावले, तिला खांद्यानं मागं लोटलं, आणि तिच्यासाठी निघालेला दगड त्यांच्या कपाळावर बसला. कुणाचा होता, कुणास ठाऊक. दगडाला मात्र खरंच पक्ष नव्हता.

"थांबा! चूक माझी! तार मी काढली!" भोंगेवाले बाकावर चढून ओरडत होते. आयुष्यभर दुसऱ्यांचा आवाज मोठा करणाऱ्या या माणसाचा स्वतःचा आवाज एवढासा, की शेजारच्यालाही ऐकू गेला नाही. शेवटी ऐकलं एकानं. "हा बघा विकला गेलेला!" तो म्हणाला. कुणाला विकला, यावर एकमत नव्हतं. पण दुकान फोडायला अलीकडचे आणि पलीकडचे खांद्याला खांदा लावून उभे राहिले. इतकी एकी त्या रस्त्यानं पूर्वी पाहिली नव्हती!

आणि तारांची अदलाबदल झाली होती, हे या नवरा-बायकोशिवाय कुणाला कधीच कळलं नाही.

निवडणूक झाली. बहुमत कुणालाच नाही. हिवाळा सरायच्या आत दोन्ही साहेब एकाच गाडीतून, एकाच हारात माना घालून गावात आले. "आमचे विचार पहिल्यापासून एकच होते!" असं म्हणाले. हे शंभर टक्के खरं आहे, हे जाणणारा गर्दीत एकच माणूस होता, आणि तो जळलेल्या मशीनचे तुकडे विकून परतत होता.

पण भोंगेवाल्यांना आशा वाटली. युती झाली! आता कसला अलीकड-पलीकड? हात-पाय धुऊन, धुतलेला सदरा घालून त्यांनी रस्ता ओलांडला.

व्याही शिलाईच्या मशीनवर बसलेले. अर्धा झेंडा कुलपाचा, अर्धा शिडीचा, दोन्ही जोडून शिवत होते. कपाळावर खूण, एक डोळा अर्धा मिटलेला.

"युती झाली, व्याहीबुवा."

"वरची झाली." पाय थांबला नाही. "त्यांनी एकमेकांना माफ केलं, चांगलं केलं. मला कुणी विचारलंय का अजून, डोळ्यानं दिसतं का म्हणून?"

भोंगेवाल्यांनी विचारायला तोंड उघडलं. फार उशीर झाला होता. मशीन खडखडत राहिलं.

ते परत फिरले तेव्हा वरची खिडकी हळूच उघडली. लेक! तिनं नातीला दोन्ही हातांनी उचलून बाहेर धरलं. केवढी झाली होती! दोन दात! भोंगेवाल्यांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात हलवला, जीभ काढून दाखवली, कान ओढून दाखवले.

पोरीनं भोकाड पसरलं.

"का गं रडते?" त्यांनी खालून विचारलं.

"काही नाही, बाबा," लेक म्हणाली. "नवा माणूस बघितला की रडते ती."

घरी बायको जिन्यातच उभी होती. "बघितलीत? कशी आहे?"

"आवाज खणखणीत आहे," भोंगेवाले चपला काढत म्हणाले. "तिला भोंगा लागायचा नाही."