हॉगलंडांनी विम्याचा मुलूख सर केल्याची हकीकत

स्वस्ति. मौजे डुलूथ, प्रांत मिनेसोटा, येथील राजमान्य राजश्री आर्विन हॉगलंड, पियानो सुरात लावणार, यांनी कुटुंबाच्या आरोग्यविम्याची मोहीम कैसी केली ते आद्यंत लिहितो. यात पदरचे घातले असेल तर ही लेखणी मोडावी.

मूळ कारण ऐसे जे, राजश्रींचे कुटुंब लोर्नाबाई शाळेच्या खानावळीत चाकरीस होत्या, आणि त्या चाकरीच्या छत्राखाली अवघ्या घराचा विमा चालत असे. मग वर्षअखेर शाळा बंद होणार ऐसे फर्मान आले. राजश्री तर कोणाचे चाकर नव्हेत, स्वतःचेच धनी. विमा देणार कोण, तर तेच. आणि एकुलती लेक ग्रेटा, वय वर्षे आठ, दम्याने बेजार. थंडी पडली की छातीत शिट्टी वाजे. तिचा उपचार डॉक्टर ओकाफोर बाई करीत. सबब लोर्नाबाईंचा हुकूम जाहाला, "विमा कुठलाही घे, पण ओकाफोर बाई सुटता कामा नयेत. आणि पंधरा डिसेंबरच्या आत घे, नाहीतर जानेवारीत पोरगी उघड्यावर."

पहिली स्वारी सरकारी वेबसाइटवर जाहाली. तेथे कांसे, रुपे, सोने ऐशी नावे मिरवीत सत्तावीस योजना तट बांधून उभ्या. स्वस्त धरावी तर यादीत ओकाफोर बाई नाहीत, आणि बाई जीत आहेत ती धरावी तर हप्ता घरभाड्याहून चढा. मग मदतीच्या फोनास हात घातला. तेथे पाऊण तास पियानो ऐकविला, तोही अर्ध्या सुराने उतरलेला. राजश्रींस जखमेवर मीठ चोळिल्यागत जाहाले, आणि फौज माघारी आली.

दुसरे दिवशी एक मधाळ दलाल फोनवर प्रकटला. निम्म्या पैशांत सगळे देतो, ऐसा त्याचा कौल. राजश्री भुलणार, इतक्यात लोर्नाबाईंनी फोन घेतला.

"दमा?"

"आधीपासूनचा आजार असेल तर तेवढा नाही बसत, मॅडम."

"मग सगळं म्हणजे काय, नखं?"

दलालाने रण सोडिले.

मुदतीस दोन दिवस उरले, आणि राजश्री लोर्नाबाईंसह पराभूत मुद्रेने वाचनालयी गेले. तेथे मार्वा पेल्की नामे बहात्तर वर्षांच्या बाई विम्याचा सल्ला फुकट देत असत. त्यांनी चष्मा सरसावून अर्ज वाचिला.

"उत्पन्न काय लिहिलंत हे?"

"वर्षात हाती आलं तेवढं."

"आणि तारा, हत्यारं, गाडीचं पेट्रोल?"

"ते खर्ची पडलं."

"अहो, मग वजा करा की. सरकार तुमचं उरलेलं विचारतंय. तुम्ही आपले उगाच श्रीमंत होऊन बसलात."

राजश्रींस तो थोरला आकडा प्रिय होता. तो बायकोदेखत खोडणे म्हणजे गड खाली करणे. परंतु लोर्नाबाई म्हणाल्या, "खोड रे. मला काय खरा माहीत नव्हता?" तेव्हा त्यांनी खोडिला. तत्क्षणी सरकारी सवलतीची कुमक आली, आणि रुपेरी योजनेचा हप्ता निम्म्यावर उतरला. मार्वाबाईंस यादीचा भरवसा नव्हता. त्यांनी दवाखान्यास फोन लाविला, आणि ओकाफोर बाईंकडे हा विमा चालतो ऐसा निर्वाळा घेतला. मग राजश्रींनी बटण दाबिले.

बाहेर येऊन राजश्री गाडीच्या चाकाशी बसले.

"लोर्ना, माझा उजवा खांदा दोन वर्षं दुखतोय. वर उचलतच नाही."

"दोन वर्षं? आणि आत्ता सांगतोयस?"

"सांगितलं असतं तर काम बंद करायला लावलं असतंस."

लोर्नाबाई उतरल्या, वळसा घालून आल्या, आणि राजश्रींस सरकवून चाक आपल्या हाती घेतले.

येणेप्रमाणे, तारीख तेरा डिसेंबर रोजी विम्याचा मुलूख सर जाहाला. तिघे जीव छत्राखाली आले, ओकाफोर बाई कायम राहिल्या, आणि नव्या विम्यावरील पहिली भेट सहा जानेवारीस, सकाळी नवास, राजश्रींच्या खांद्याची मुक्रर जाहाली. ती लोर्नाबाईंनी राजश्रींस न विचारिता ठरविली. हे खरे.