खोडलेला एस

गिरधर सरांनी परवानगीचा कागद उघडला आणि त्यांचा उजवा हात आपोआप खिशाकडे गेला. खिशात लाल पेन होतं. इथंच सगळं बिनसलं.

हायस्कुलात अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवून सरांना एक खोडच जडली होती. लग्नपत्रिका असो की औषधाची चिठ्ठी, वाक्यात चूक दिसली की ती दुरुस्त होईपर्यंत चहा घशाखाली उतरत नसे. लखीचंदशेठच्या दुकानाची पाटी तर त्यांनी भर बाजारात स्टुलावर चढून सुधारली होती.

आजपासून गावात कीर्तन सप्ताह. तालुक्याच्या कचेरीतलं मराठी टाइपयंत्र दुरुस्तीला गेलेलं, म्हणून यंदाची कर्ण्यांची परवानगी इंग्रजीत आली होती आणि गावानं ती वाचायला सरांकडे दिली होती: ‘परमिशन आर ग्रांटेड टू यूज ए लाउडस्पीकर्स.’

“परमिशन आर!” सर कळवळले. ‘आर’चं ‘इज’ झालं. पुढं तर कहरच. ‘ए’ म्हणजे एक, आणि लगेच ‘लाउडस्पीकर्स’ म्हणजे अनेक! सरांनी शेवटचा एस खोडला, चहा सुखानं प्याले आणि कागद बंदोबस्ताच्या जमादाराकडे पाठवून दिला.

बाराच्या सुमारास वना जमादार स्वतः दारात उभे. गडी मूळचा साक्रीकडचा, बोलणं अहिराणी.

“सर, यामा एकच कर्णा लिखेल शे. दुसरा खाले उतारा.”

कर्णे दोन होते. एक मंडपात, दुसरा सरांच्या घरासमोरच्या निंबावर. हा दुसरा बांधला होता तो एका माणसासाठी. सरांची आई भिकुबाई दिवाळीत ओसरीवरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवर. चाळीस वर्षांत एक कीर्तन तिनं चुकवलं नव्हतं. सकाळीच वेणी घालून, उशाशी झांजा ठेवून ती वाट बघत पडली होती. मधूनच त्या झांजा हळूच किणकिणायच्या.

“गिरधर, कर्ना बोलू नाही राह्यला काबरं?” आतून आवाज आला.

“बोलीन माय, तो संध्याकाळी बोलीन.”

स्वयंपाकघरातून सरांच्या पत्नी सुनंदाबाई पदराला हात पुसत आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “तो ए आणि तो एस, दोघं एकत्र चालत नाहीत, असंच ना?”

“नाहीच चालत!”

“मग एसच का खोडला? ए खोडला असता तर?”

सरांनी ए वगळला. मनातल्या मनात वाक्य म्हणून पाहिलं. मग कपाळावर हात मारला. “चाललं असतं. व्याकरणाला दोन्ही चालतं.”

“व्याकरणाला चालतं हो. सासूबाईंना चालतं का ते विचारा!”

निंबावरच्या कर्ण्याची दोरी सुटायच्या आत सरांनी जमादारांपुढं हात जोडले, आठ वाजेपर्यंतची मुदत घेतली आणि तालुक्याची अडीचची एसटी पकडली. गाडीत दाराजवळच्या सूचनेत एक अक्षर जास्त होतं. आज सरांनी डोळे मिटून घेतले. पुढं केळीच्या गाड्यांनी रस्ता अडवला, तशी सरांनी उभ्याउभ्या पिशवीचा बंद दातानं कुरतडून काढला.

कचेरीत पोचायला साडेचार वाजले. साहेब पाचला निघणार होते. टंकलेखकाच्या खुर्चीत धनसिंग बसला होता. कागद पाहताच त्याचा चेहरा उतरला.

“लाल शाई! सर, तुम्हीच ना? आठवी ब, शेवटचं बाक. ओळखलं?”

“धनसिंग! अरे, मग तू असं कसं लिहिलंस?”

“तुमच्यामुळंच. मी ‘ही गो’ लिहिलं होतं, ‘ही गोज’ नाही. एका एसपायी तासभर बाकावर उभं केलं होतं तुम्ही. त्या दिवसापासून जिथं जागा दिसेल तिथं एस लावतो. धोकाच नको!”

सरांनी कागद त्याच्यापुढं सरकवला. “बरं, नवीन टाइप करून दे बाबा. दोन कर्णे.”

“देतो की! खाडाखोड झालेला कागद तसाही बाद.”

यंत्र खडखडलं. बाहेर जीपचं इंजिन सुरू झालं. धनसिंगनं धावत जाऊन सही आणली आणि कागद सरांपुढं धरला. ‘परमिशन्स आर ग्रांटेड्स टू यूज टूज लाउडस्पीकर्स.’

“तपासा सर. चूक असली तर साहेबांना थांबवतो. चिडतील, पण थांबवतो.”

सरांचा हात खिशाकडे निघाला. ‘परमिशन्स आर’ हे चुकून बरोबर जमलं होतं, पण ‘ग्रांटेड्स’! आणि ‘टूज’! बोटं पेनाला लागली. डोळ्यांपुढं उशाशी ठेवलेल्या झांजा आल्या.

“चूक...” सरांनी पेन खिशातच सोडलं. “चूक नाही.”

धनसिंगचे डोळे भरून आले. “सर, शाळेत हे एकदाही ऐकलं नव्हतं हो. कार्बन कॉपीवर ‘गुड’ लिहाल?”

सरांनी लाल पेन काढलं आणि लिहिलं.

आठला दहा मिनिटं कमी असताना वना जमादारांनी कागदावरून बोट फिरवलं. “टूज. म्हंजे दोन. आते बरोबर शे!”

कर्णा खरखरला आणि बुवांचा आवाज थेट खाटेवर येऊन बसला. भिकुबाईंनी झांजा उचलल्या. पूर्वरंग रंगला, मृदंग चढला, म्हातारीच्या गालावरून पाणी वाहू लागलं. दिवसभरात पहिल्यांदा सरांनी भिंतीला पाठ टेकवली.

झांजा एकाएकी थांबल्या.

“गिरधर! बुवा चुकला. ‘नाम’ म्हनाचं तं ‘धाम’ म्हनला. जाय, सांग त्याले!”

“नाही माय. काही चूक नाही.”

“तुले काय समजते त्यातलं? तू इंग्लिशचा मास्तर!” म्हातारीची बोटं खाटेच्या माचव्यावर अस्वस्थ वाजू लागली. “अरे, चुकीचं तसंच राहू देतं का कोनी? मले तं चैन पडू नाही राह्यलं!”

सुनंदाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं. मग सरांच्या खिशातलं लाल पेन काढलं आणि मुकाट्यानं सासूबाईंच्या हातात दिलं.