टबातलं सांडपाणी

सायकल मागच्या दारानं काढायची की अंगणातून, एवढाच निर्णय मला त्या रविवारी घ्यायचा होता. मी अंगणातून काढली. दोरीवर वाळत घातलेला टेबलक्लॉथ साखळीत अडकला आणि ओढून सोडवेपर्यंत त्याच्या बरोब्बर मधोमध तळहाताएवढा काळाकुट्ट डाग पडला.

हा टेबलक्लॉथ सासूबाईंनी दोन हिवाळे खपून भरलेला. पांढऱ्यावर पांढरी फुलं. त्या दुपारी त्यावर कोबीच्या पानात गुंडाळलेले खिम्याचे सार्माले वाढायचे होते, कारण आमच्या मुलीचा, इलिंकाचा, मित्र कॉद्रिन आपल्या आईला, लुक्रेत्सियाबाईंना, घेऊन लग्नाचं बोलायला येणार होता. बायको व्हेतुरिया आणि इलिंका चर्चमध्ये गेल्या होत्या. हाताशी दीड तास होता.

दुसरा कुणी घाबरला असता. पण मी आमच्या प्लोयेश्त शहरातल्या बेअरिंग कारखान्यात एकवीस वर्षं तेलकट सांडपाणी स्वच्छ करतोय. (घरी याला 'ते गटाराकडे असतात' म्हणतात.) वंगण म्हणजे माझ्या रोजच्या ओळखीतलं.

कामगारांचे डगले धुवायची कारखान्याची पावडर मी थोडी घरी आणून ठेवली होती. टबात गरम पाणी सोडलं, पावडर ओतली, वर टेबलक्लॉथ. पाच मिनिटांत डाग गायब! कापड पिळून मी टबावरच्या पडद्याच्या दांडीवर टाकलं. इथं थांबलो असतो, तर आज घरात माझा फोटो लागला असता.

पण टबातलं ते करडं पाणी बघून माझ्यातला जाणकार जागा झाला. साबण तेलाला असा मिठी मारून बसतो, की ते आपण होऊन कधी वर येत नाही. असलं पाणी मोरीत सोडायचं? मी? कारखान्यात आम्ही त्यात लोखंडाच्या क्षाराचं तपकिरी औषध घालतो. नमुन्याची एक बाटली माळ्यावर होतीच. (ती तिथं का होती, हे कृपया कारखान्याला कळवू नये.)

औषध ओतलं आणि झाडूच्या दांड्यानं ढवळायला लागलो. दूध नासावं तसं पाणी फाटलं. तपकिरी गोळे तेलाला कवटाळून वर आले, खाली काचेसारखं नितळ पाणी! मी आनंदानं दांडा उंचावला. तो वरच्या दांडीला लागला. दांडी, पडदा आणि टेबलक्लॉथ, तिघंही एकदम टबात.

तेवढ्यात दार वाजलं.

"पाम्फिल, आत काय चाललंय?" व्हेतुरियाचा आवाज.

"आंघोळ!"

"मग झाडू कुठाय?"

"इथंच आहे."

तिनं आवाज खाली आणला. "लवकर बाहेर ये. लुक्रेत्सियाबाई आल्यात, त्यांना हात धुवायचेत. आणि टेबलक्लॉथ कुठे गेला?"

"तोही आंघोळ करतोय."

दार उघडावंच लागलं. समोर व्हेतुरिया, तिच्यामागे इलिंका, आणि त्या दोघींच्या खांद्यांमधून डोकावणाऱ्या, फुलांची टोपी घातलेल्या लुक्रेत्सियाबाई. मी कोपरापर्यंत तपकिरी. हातात टेबलक्लॉथ, गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचा, आणि त्यावरून लोंबणारे तेलाचे गोळे.

"बाबा!" इलिंका रडवेली झाली. "आजच?"

"पण खालचं पाणी बघा," मी म्हणालो. "मासे जगतील त्यात."

कुणीही पाणी बघितलं नाही. इलिंकाच्या डोळ्यांतून खरंच टिपं गळायला लागली, तेव्हा मात्र मी टेबलक्लॉथ पाठीमागे लपवला. एकुलती एक पोर, आणि तिचं लग्न मी टबात बुडवलं होतं.

जेवण उघड्या टेबलावर झालं. सार्माले उत्तम होते म्हणे, मला चव कळली नाही. व्हेतुरिया माझ्याकडे न बघता मला वाढत होती. कॉद्रिन ताटात डोकं खुपसून बसलेला. शेवटी लुक्रेत्सियाबाईंनी तोंड पुसलं आणि व्हेतुरियाकडे वळल्या.

"खरं सांगू का, मी घाबरतच आले होते. आमच्या कॉद्रिननं गेल्या महिन्यात इस्त्रीनं स्वतःची पँट जाळली. अंगात होती तेव्हा. म्हटलं, तुमच्यासारख्या नीटनेटक्या घरात याचा कसा निभाव लागणार?" मग त्यांनी माझ्या तपकिरी हातांकडे डोळे भरून पाहिलं. "आता काळजी मिटली हो. ऑक्टोबरातली तारीख चालेल ना, व्याहीबुवा?"

इलिंकाचं लग्न माझ्यामुळे जमलं, असं मी कारखान्यात सगळ्यांना सांगतो. नेमकं कशामुळे, ते मात्र व्हेतुरिया तिथं येऊन सांगून गेली.