कार्डात वाहिलेल्या अक्षता

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता सत्यजीतच्या गोदामाला हिरवे-गुलाबी पट्टे आले. गोदाम द्रोणागिरीला बांधायचं होतं. तूर्त ते नवीन पनवेलच्या दुसऱ्या मजल्यावर, त्याच्या कॉम्प्युटरात उभं होतं. पाच वाजता दयारामशेठना ते व्हिडिओ कॉलवर दाखवायचं होतं. पसंत पडलं तर सत्यजीतला आयुष्यातलं पहिलं स्वतःचं काम मिळणार होतं. नाही तर पुन्हा दुसऱ्यांच्या नकाशांत संडास-बाथरूम काढत बसायचं.

त्याने मशीन बंद करून चालू केलं. पट्टे रुंद झाले. स्क्रीनचा ड्रायव्हर प्रोग्राम उडवून नवा टाकला, तर पट्ट्यांत चौकोनही आले. केबल बदलून झाली. शेवटी त्याने अख्खा डबा उचलला आणि हॉलमधल्या टीव्हीला जोडला. त्याचे वडील प्रभाकर बातम्या बघत होते. बातम्या गेल्या, पट्टे आले.

"म्हणजे मॉनिटर निर्दोष आहे," सत्यजीत म्हणाला.

"वा. आणि टीव्ही बिघडला."

"टीव्ही नाही हो बाबा, ग्राफिक्स कार्ड बिघडलंय."

"कालपर्यंत बरं होतं ना? मग तू हात लावला असशील."

चार वाजता शेजारच्या जुडाहकाकांना बोलावलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण खिशातला टेस्टर अजून निवृत्त झाला नव्हता. त्यांनी डब्यावर हात ठेवून ताप बघितला.

"काल काय खाल्लं याने?"

"काका, ते मशीन आहे."

"म्हणूनच विचारतोय." त्यांनी झाकण काढून आत बॅटरी मारली. मग म्हणाले, "सुमतीवहिनी, जरा इकडे येता?"

सत्यजीतची आई पदराला हात पुसत आली. "काल पूजा केली ना. दरवर्षी वरूनच हळदकुंकू लावते. पण हाच म्हणाला, खरी ताकद आतल्या नव्या कार्डात आहे. मग आत नको वाहायला?"

"आई, तू झाकण उघडलंस?"

"चार तर स्क्रू. आणि आधी नमस्कार केला होता."

"पंख्यात तांदूळ अडकलेत," काका म्हणाले. "पंखा फिरत नाही, कार्ड तापतं. तापलं की मग रंग दाखवतं."

चिमट्याने एकेक अक्षता बाहेर आली. मग झेंडूच्या पाकळ्या. सगळ्यात खोल आपट्याचं पान निघालं. काकांनी ते गंभीरपणे प्रभाकरांच्या हातावर ठेवलं. "सोनं घ्या."

पाचला दोन मिनिटं कमी असताना गोदाम पांढरंशुभ्र झालं. कॉल लागला. दयारामशेठ बराच वेळ निरखत राहिले.

"गोदाम चांगलंय. पण भिंतींना हे हिरवे-गुलाबी पट्टे कशाला?"

सत्यजीतने स्वतःच्या स्क्रीनकडे पाहिलं. एकही पट्टा नव्हता. मागून जुडाहकाका पुढे वाकले.

"शेठ, काल तुमच्याकडे मशीनची पूजा कोणी केली?"

"मी स्वतः. ऑफिसात वीस मशीनं आहेत."

"झाकण उघडून?"

"मग? वरवरची पूजा आपल्याला जमत नाही."

काकांनी निदान सांगितलं. पलीकडे झाकण उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक लांब उसासा.

"गोदाम पसंत आहे, पट्टे सोडून," शेठ खालच्या आवाजात म्हणाले. "पण आधी उद्या सकाळी येऊन वीसही मशीनं साफ करून द्या. आणि ही गोष्ट आपल्यातच राहू द्या."

कॉल संपला. आर्किटेक्ट सत्यजीतने वहीत पहिलं काम लिहून घेतलं: वीस मशीनं, साफसफाई.

"मी येतो बरोबर," काका म्हणाले. "चिमटा माझा आहे."

सुमतीने निघालेल्या अक्षता वाटीत गोळा केल्या.

"बघ," ती शांतपणे म्हणाली, "एका मशीनची पूजा केली, वीस मशीनांचं काम आलं."