बारकूबायची भांडणं

बारकूबाय ड्युटीवर आली की आधी भांडण उकरून काढायची, मग हात धुवायची. कधी हात धुवायचे राहून जायचे. भांडण राहत नसे.

नव्वद साल उजाडायच्या आसपासची गोष्ट. नारपोलीतल्या एका वृद्धाश्रमात आम्ही दोघी आया होतो. भिंतीला लागूनच कापड विणायचे लूम. दिवसभर खटखट, त्यामुळे साधं पाणी विचारायचं तरी ओरडून. डबल शिफ्ट करून माझे पाय भरून यायचे, आणि ही राहनाळहून चालत येऊनही ताजीतवानी! नाव बारकू, पण दारात उभी राहिली की खोलीत अंधार पडायचा.

"नाना, उठ! मना वाटला, गेलास."

देवधर नाना म्हणजे रिटायर्ड हेडक्लार्क. पांघरुणातूनच ते कडाडायचे, "तुझ्याआधी जाणार नाही, भवाने!"

"मंग कवळी घाल. बिनदाताच्या मानसाशी मी भांडत न्हाय."

नाना कवळी घालायचे, भांडायचे, आणि भांडणाच्या भरात भाकरी संपवायचे. मी शेजारी पेंगत उभी असायचे.

एकदा नानांच्या सूनबाईंनी हे ऐकलं. सासऱ्यांना अरे-तुरे? तक्रार झाली, आणि आम्हाला बोलायला शिकवण्यासाठी ठाण्याहून एक सिस्टर आल्या. अंगाला हात लावण्याआधी सांगा, समोर बसून बोला, आवाज खाली ठेवा, वाद घालू नका, असं त्यांनी समजावलं.

"बाय बरोबर बोलते," बारकूबाय मला म्हणाली. शांताआजींना डाव्या बाजूचं दिसत नसे आणि आम्ही नेमक्या तिकडूनच त्यांना उठवायचो. त्या दिवसापासून बारकूबाय समोर बसून, "आजी, हात धरते हां," म्हणायला लागली आणि आजींचं दचकणं थांबलं. वाद न घालण्याचं मात्र तिच्या पचनी पडेना. पण ऑफिसातून दम मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी ती नानांसमोर बसली आणि मधासारख्या आवाजात म्हणाली, "नाना, उठता का? बरा वाटतो ना तुम्हाला?"

नाना पांढरे पडले. मला जवळ बोलावून म्हणाले, "सुनीता, खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले?"

"काही नाही हो."

"मग ही मला अहो-जाहो का करतेय?"

त्यांनी चहा घेतला नाही. जेवणाचं ताट तसंच परत आलं. बारकूबाय जितकी गोड बोले, तितके नाना खचत. दोन-तीन दिवसांत ते अंथरुणाला खिळले. मुलाला बोलावलं. तोही बिचारा घाबरून गोड बोलायला लागला, तशी नानांनी डोळेच मिटले.

दारात चुळबुळत उभ्या असलेल्या बारकूबायला ते बघवेना. मुलाच्या देखत ती आत घुसली.

"ए म्हाताऱ्या! मराचा असंल तं माझी ड्युटी संपल्यावर मर. चादरी मनाच धुवाच्या हायेत!"

नानांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. "कवळी कुठाय माझी?" ते गरजले.

सिस्टर पुन्हा आल्या तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "नानांशी खुशाल भांडा. शांताआजींशी नको. माणूस बघून बोलायचं, एवढंच."

पुढे पावसाळ्यात बारकूबाय तापाने पडली. तिची ड्युटी माझ्या गळ्यात आली. एका संध्याकाळी गोळ्या घेऊन मी राहनाळला गेले. ओट्यावर तिचा नवरा बसला होता. ती आत खाटेवर. तिच्या घरात इतकी शांतता असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"तुमचे मालक फार बोलत नाहीत का, मावशी?"

"जमीन गोडाऊनवाल्याला दिली तवापासून माझ्याशी बोलला न्हाय," ती छताकडे बघत म्हणाली. "मना न इचारता दिली. मी चार मानसांत बोलले. तवाधरनं गप. वाढते ते खातो. भांडत बी न्हाय गं."

गोळ्या तिच्या उशाशी ठेवल्या. मी निघाले. ओट्यावर म्हाताऱ्याने रस्त्याकडे बघतच विचारलं, "ताप हाय का अजून?"

"आहे."

"तिला सांगा, उतरल्याबिगर कामाला जायाचा न्हाय."

"भिंतीपलीकडे तर आहेत. तुम्हीच सांगा की."

त्याने तोंड फिरवलं. मीच दारातून ओरडले. आत खोकला थांबला. उत्तर आलं, "त्याला इचार, मी घरी बसले तं चूल कोन पेटवील? त्याचा बाप?"

मी निरोप दिला. म्हाताऱ्याने टोपी सरळ केली. "सांगा तिला, बापाचा नाव काढू नको."

माझी पडघ्याची एसटी नाक्यावरून हॉर्न देत निघून गेली. उभं राहवेना म्हणून मी उंबऱ्यावरच बसले आणि निरोप आत-बाहेर करत राहिले. चूल, जमीन, बाप, गोडाऊन. बोलता बोलता म्हातारा माझ्याकडे बघायचं विसरला. दाराकडे तोंड करून, आवाज चढवून काहीतरी म्हणाला. मी ते आत सांगायला वळले, तशी बारकूबाय माझ्यावरच खेकसली,

"तू गप बस गं. मना ऐकू येतंय."