विबे जवळ आला की पडदा काळा

फ्रानेकर गावच्या शनिवारच्या बाजारात विबेने मनगटात घालायचं एक कडं विकत घेतलं, आणि सत्तावीस वर्षांचा संसार मोडायच्या बेताला आला. त्या बिचाऱ्याला एवढंच हवं होतं, की डावं मनगट दुखायचं थांबावं. चीजवाला आणि मासळीवाली यांच्या मधोमध मांड ठोकून बसलेल्या एका माणसाने सांगितलं, की या कड्यात चुंबक आहेत, ते दुखणं ओढून घेतात. आणखी काय काय ओढून घेतात, हे विबेने विचारलं नाही. (विचारायला हवं होतं.)

घरी येताना त्याने कडं बाहीच्या आत सरकवलं. त्याची बायको रेन्स्के बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवत होती आणि असल्या वस्तूंचं तिला वावडं होतं. पूर्वी एकदा सर्दीवर उतारा म्हणून विबेने गळ्यात तांब्याचं नाणं बांधलं होतं. ती हकिगत रेन्स्के दर नाताळात सगळ्या नातेवाइकांना सांगते, आणि दर वर्षी ते नाणं थोडं मोठं होतं.

शाळेची नोकरी सुटल्यापासून रेन्स्के संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसायची. नवा कोरा, पातळ, पापडासारखा. विबे कॉफीचे कप घेऊन यायचा, तिच्या मागे उभा राहायचा आणि डावा हात लॅपटॉपच्या कडेवर टेकवून खांद्यावरून डोकवायचा. यात प्रेम किती आणि चौकशी किती, हे त्याने कधी मोजलं नव्हतं. त्या सोमवारी रेन्स्के एकटीच खुदुखुदु हसत होती. विबे मागे गेला, हात टेकवला, आणि पडदा काळा झाला.

"काय होतं?" विबेने विचारलं.

"कुठे काय," रेन्स्के म्हणाली.

मंगळवारी तेच. बुधवारी तो मोजे घालून, पावलांचा आवाज न करता गेला, तरी तेच. स्वयंपाकघराच्या दारातून बघावं तर पडदा लख्ख आणि बायको हसतेय. जवळ जावं तर काळोख आणि बायको वैतागलेली. विबे कालव्यांच्या पाण्याची पातळी नोंदवणाऱ्या कचेरीत कामाला होता. पाणी बोटभर चढलं तर कुठून चढलं, हे तो बसल्या जागी सांगू शके. बायको काहीतरी लपवतेय हे ओळखायला त्याला तीन दिवस पुष्कळ झाले. एखादं बटण असणार, नवरा आला की दाबायचं. हल्ली काय काय निघतं.

गुरुवारी रेन्स्केने जाहीर केलं, की लॅपटॉप बिघडलाय, मधूनच झोपतो, तो ती योरितकडे नेतेय. योरितचं दुरुस्तीचं दुकान कालव्याच्या काठाला होतं. योरितने मशीन दिवसभर चालू ठेवलं, एकदाही झोपलं नाही. त्याने ते परत दिलं. त्याच संध्याकाळी विबे मुद्दाम जवळ गेला, पडदा काळा झाला, आणि दुसऱ्या दिवशी रेन्स्के पुन्हा योरितकडे. असं दोन आठवड्यांत तीनदा झालं. विबे जितका संशयाने जवळ जाई, तितकी ती योरितकडे जाई, आणि ती जितकी योरितकडे जाई, तितका विबे संशयाने जवळ जाई.

घरात आता योरितशिवाय विषय नव्हता. योरित म्हणतो बॅटरी उत्तम आहे. योरित म्हणतो धूळ नाही. जेवताना ती म्हणाली, "त्याचे हात बघायला हवेत, विबे. एवढा धिप्पाड माणूस, पण स्क्रू असा काढतो की स्क्रूला कळतसुद्धा नाही." विबेने आपल्या हातांकडे पाहिलं. या हातांनी त्याने मागच्याच महिन्यात दिवाणखान्यातला दिवा दुरुस्त केला होता. तेव्हापासून त्या खोलीत मेणबत्त्या लावत होते. मग एका सकाळी रेन्स्के सफरचंदाचा केक डब्यात भरताना दिसली. विबेला तो केक वर्षातून एकदा, वाढदिवसाला मिळे, आणि तोही पाहुण्यांनी घेतल्यावर उरला तर.

तरीही विबेने तोंड उघडलं नाही. त्याचा बांध फुटला तो बिस्किटामुळे. चौथ्या वेळी योरित स्वतः घरी येऊन मशीन बघून गेला. विबे कचेरीत असताना. तासभर बसला आणि तासभर मशीन शहाण्यासारखं चाललं. "बिचारा इतका खटपट करत होता," रेन्स्के सहज म्हणाली, "की मी त्याला दुसरं बिस्किट दिलं."

विबेने काटा खाली ठेवला. त्या घरात, आणि त्या गल्लीतल्या कुठल्याही घरात, पाहुण्याला कॉफीबरोबर एक बिस्किट मिळे आणि मग डब्याचं झाकण बसे. विबेच्या सख्ख्या भावालाही दुसरं बिस्किट एकदाच मिळालं होतं, वडील वारले तेव्हा.

दुसऱ्या दिवशी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झुंजत सायकल मारत दुकान गाठलं. वाटेत त्याने भाषण तयार केलं. सुरुवात होती, "मी रेन्स्केचा नवरा." पुढचं बरंच कडक होतं.

दुकानात योरित काउंटरवर कुणाचातरी लॅपटॉप उघडून बसला होता. लालसर दाढी, दाराएवढे खांदे. विबेला धाप लागली होती. आधार म्हणून त्याने डावा हात पुढे टेकला, तो नेमका त्या लॅपटॉपच्या कडेवर. "मी रेन्स्केचा नवरा," तो म्हणाला, आणि पडदा काळा झाला.

योरितने पडद्याकडे पाहिलं, मग विबेकडे. "हात उचला जरा," तो म्हणाला. विबेने उचलला, मशीन जागं झालं. "आता ठेवा." मशीन झोपलं. योरितने आतून दुसरा लॅपटॉप आणला, मग तिसरा. विबे हात ठेवत गेला आणि एकेक मशीन मान टाकत गेलं. योरितचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. "बाही वर करा," तो म्हणाला.

कडं बाहेर आलं.

"लॅपटॉपच्या झाकणाला कडी का नसते, असा कधी विचार केलाय?" योरितने विचारलं. विबेने तो केला नव्हता. त्याच्या डोक्यात दोन आठवडे दुसरे विचार होते. योरितने एक टाचणी झाकणाच्या कडेला लावली, ती तिथेच चिकटून राहिली. पूर्वी खटका असायचा, त्याने सांगितलं, अंगठ्याने सरकवायला लागायचा. आता कडेला बारीक चुंबक बसवतात, खाली लोखंडाची पट्टी, तेच झाकण धरून ठेवतात. आणि आत एक इवलासा पहारेकरी असतो. चुंबक जवळ आला की त्याला वाटतं झाकण मिटलं, तो मशीनला झोपवतो.

"म्हणजे तुम्ही जवळ आलात," योरित म्हणाला, "की मशीनला वाटतं आजचा दिवस संपला." मग त्याला आठवलं. "तुम्ही कशासाठी आला होतात?"

विबेला भाषणातला एक शब्द आठवेना. "वायर हवी होती," तो म्हणाला.

"कुठली?"

"लांब."

ती लांब वायर गळ्यात अडकवून तो घरी आला आणि टेबलावर कडं ठेवून रेन्स्केला सगळं सांगून टाकलं. पडदा, केक, स्क्रू, बिस्किट. कड्याला ती हसली नाही, याचीच त्याला भीती वाटली.

"म्हणजे तुला वाटलं, माझं आणि योरितचं काही..."

"हो."

 विबे उभाच होता. बसायची परवानगी आहे की नाही, हे त्याला कळेना.

"माझ्या बहिणीच्या लग्नात मी एका पोहणं शिकवणाऱ्या मास्तरबरोबर तीनदा नाचले," ती शेवटी म्हणाली. "तू आमचे कोट सांभाळत उभा होतास. वर त्याला विचारलंस, बाहेर थंडी आहे, मफलर हवा का. मला त्या रात्री रडू आलं होतं, विबे. मला वाटलं, याला माझं काही वाटतच नाही."

विबेला तो मफलर आठवला. चांगला होता, परत आलाच नाही.

"पण विचारायचं होतंस रे," ती म्हणाली. "पंधरा दिवस जळत बसलास." आणि तिने त्याच्या दुखऱ्या मनगटावर हात ठेवला. मनगट त्या क्षणी खरोखर दुखायचं थांबलं.

मग तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. काय हवं ते बघ, म्हणाली. पडद्यावर गावात भाजीचे वाफे भाड्याने घेणाऱ्यांच्या संघाच्या सभेचं इतिवृत्त होतं. रेन्स्के त्याची चिटणीस होती. दोन सभासद एकमेकांच्या वाफ्यात कुंपणावरून गोगलगायी टाकतात, असा वाद होता आणि त्यावर उपसमिती नेमली होती. तेच लिहिताना तिला हसू येत असे. विबेला एवढं बघायचं होतं, याचं तिला इतकं अप्रूप वाटलं, की तिने ठरवलं, यापुढे रोज संध्याकाळी त्याला शेजारी बसवून सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं. उपसमितीचा अहवाल एकेचाळीस पानांचा होता.

पुढच्या आठवड्यात योरितने मशीनची चौकशी करायला फोन केला. विबे टेबलाशीच बसला होता, हनुवटी छातीला टेकलेली, आणि कुठून तरी लांबून त्याला रेन्स्केचा आवाज येत होता.

"मशीन झकास आहे. पडदा आता अजिबात मिटत नाही. पण नवरा शेजारी बसवला की दुसऱ्या पानाला मिटतो." पलीकडून योरितने काहीतरी विचारलं असावं. "नाही हो, आता चुंबक वगैरे काही नाही," ती म्हणाली. "हा मुळात कंपनीतूनच तसा आलाय."