देवाला कामं हायेत

बाजारात कुणी "देवाशपथ" म्हटलं की बसप्पा अण्णा सौदा मोडून चालू लागत. एकदा माळणीनं लेकराची शपथ घालून वांगी कोवळी असल्याचं सांगितलं. अण्णा थबकले. "बाई, लेकराची शपथ माघारी घे. सगळी टोपली घेतो." आमच्या गल्लीत त्या दिवशी घरोघर वांगी शिजली. वांगी जून निघाली, हे वेगळं.

लातुरात अण्णांचं डाळीचं दुकान आमच्या घराला लागून होतं. मी सरकारी शाळेत मास्तर. अण्णांच्या कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, पूजा कधी चुकायची नाही. पण गिऱ्हाइकानं "तूर यंदाचीच ना? शपथ घ्या" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "दाणा चावून बघा. देवाला लई कामं हायेत."

निजामाच्या त्या शेवटच्या वर्षांत गावच्या कमिटीवर अण्णांचं नाव लागलं. पिण्याच्या पाण्याची बारव गाळानं भरली होती, आणि ती उपसून घेईल तर हाच माणूस, हे हिंदू-मुसलमान दोघांनाही मान्य होतं. फक्त तहसीलदारांपुढं हलफ, म्हणजे शपथ, घ्यायची होती: "खुदा को हाजिर-नाजिर जानकर..." शब्द मीच अण्णांकडून घोकून घेत होतो. अण्णा पहिल्याच शब्दाला अडले. "मास्तर, हे न्हाई जमायचं."

गावभर झालं. काही पोरं हार घेऊन आली. "अण्णा, खुदाचं नाव नाकारलंत, शाब्बास!" तिकडं मशिदीपाशी घोळके जमू लागले. दिवस वाईट होते. अण्णांनी हार परत केला. "महादेवाचं नाव घाला, तरी बी मी न्हाईच म्हणणार. माझं खुदाशी भांडण न्हाई." दोन्ही बाजू हिरमुसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

कचेरीत पिकल्या दाढीच्या तहसीलदारांनी विचारलं, "तो फिर क्या कहोगे, सेठ?"

"इमानानं काम करीन, एवढंच म्हणतो, हुजूर. चुकलो तर धरायला तुम्ही हायेत की. देवाला कशाला?"

तहसीलदार हसले. लिहून घेणाऱ्या पेशकाराला म्हणाले, "लिखो, ईमान से. ये आदमी खुदा से डरता है, इसीलिए नाम नहीं लेता."

तहसीलदारांचे शब्द कचेरीबाहेर जमलेल्या दोन्हीकडच्या लोकांत पोचले आणि घोळके पांगले.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर आईनं विचारलं, "बसप्पा, एवढा हट्ट कशापायी रे?"

अण्णा खाली बघत म्हणाले, "आक्का, नागव्वा अंथरुणाला खिळली, तवा वैद्यानं मला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं व्हतं. ती इचारली, मी बरी हुईन का? मी गळ्यातलं लिंग हातात धरून शपथ घेतली, हुशील म्हणून. देवाला साक्षीला ठेवून बायकूला फसवलं. आता कोणत्या तोंडानं त्याला बोलवू?"

"अरे, तिला ठाऊक होतं," आई म्हणाली. "मला म्हणाली, मालक खोटं बोलायलेत, पण किती जीव लावून बोलायलेत. मी बी खरं वाटल्यागत केलं."

अण्णांनी मान वर केली. "हसली व्हती?"

"हसली होती."

अण्णांनी पागोटं उतरवलं आणि भिंतीला पाठ टेकली. बायको गेल्यापासून तिचं नाव त्यांच्या तोंडून आम्ही ऐकलं नव्हतं.

"आक्का," ते म्हणाले, "अजून काय काय म्हणायची ती?"

माझ्या बायकोला चहा टाकायला सांगून आई त्यांच्यासमोर नीट मांडी घालून बसली.